मेंदूचे आणि मनाचे आजार: पहिल्या लक्षणापासून उपचार स्थिरावेपर्यंत काय करावे

मधुमेह आहे की नाही हे रक्तातल्या एका आकड्यावर ठरते. नैराश्य, स्किझोफ्रेनिया, अर्धशिशी, पार्किन्सन यांच्यासाठी असा आकडा रोजच्या वापरात अजून नाही. डॉक्टर हे आजार ओळखतात ते मुख्यतः हकिकतीवरून आणि तपासणीवरून. कधी सुरू झाले, किती वेगाने वाढले, मधे काय घडले, कोणत्या गोळ्या चालू होत्या, यावर सगळे अवलंबून असते. बहुतेक वेळा रुग्णाला स्वतःला यातले निम्मेच ठाऊक असते. फिट आली तेव्हा तो शुद्धीवर नसतो, भ्रम होत असतील तर ते त्याला भ्रम वाटत नाहीत, आणि विसरभोळेपणा वाढला असेल तर तेही तो विसरतो. म्हणून हा लेख रुग्णाइतकाच त्याच्यासोबत दवाखान्यात जाणाऱ्या माणसासाठी आहे.

पायरी १: थांबता येईल का, हे आधी ठरवा

काही लक्षणांना अपॉइंटमेंटची वाट बघायची नसते. तोंड एका बाजूला ओढले जाणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे किंवा शब्दच न फुटणे हे अचानक झाले, तर तो पक्षाघात समजून थेट अशा रुग्णालयात जायचे, जिथे सीटी स्कॅन लगेच होतो. रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांत द्यावे लागते. मोठ्या वाहिनीतली गुठळी नळी घालून काढण्याचा उपाय निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येतो. हे तास मोजतात ते माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता तिथपासून. झोपेतून उठल्यावर लक्षण दिसले, तर झोपण्याची वेळ सांगावी लागते. वाटेत ॲस्पिरिन देऊ नका, कारण गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कळत नाही. पाणीही पाजू नका, गिळणे बिघडलेले असू शकते. दहा मिनिटांत सगळे पूर्ववत झाले तरी त्याच दिवशी दाखवायचे. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

फिट आली तर घड्याळ पाहा. अंगाभोवतीच्या टोकदार, कठीण वस्तू बाजूला करा, झटके ओसरताच माणसाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालायचे नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. बहुतेक फिट एकदोन मिनिटांत थांबतात. पाच मिनिटांपुढे गेली, शुद्ध येण्याआधी दुसरी आली, आयुष्यातली पहिलीच असली, किंवा गर्भवती स्त्रीला आली, तर रुग्णवाहिका बोलवा.

तातडीची आणखीही लक्षणे आहेत. मिनिटभराच्या आत शिगेला पोहोचणारी डोकेदुखी. तापाबरोबर मान ताठणे. पायांपासून वर चढत जाणारा अशक्तपणा. कंबरदुखीत लघवी अडणे आणि बसण्याची जागा बधिर होणे. रोज दारू पिणाऱ्याने ती अचानक सोडल्यावर दोनतीन दिवसांत सुटलेला थरकाप, भास किंवा फिट.

म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत एक चूक सर्रास होते. काल व्यवस्थित बोलणारे आजोबा आज असंबद्ध बरळू लागले, दुपारी जरा बरे, रात्री पुन्हा बेचैन, की घरचे म्हणतात म्हातारचळ लागला. विस्मरणाचा आजार असा एका रात्रीत येत नाही. तासा-दिवसांत आलेला आणि चढउतार होणारा गोंधळ हा सहसा शरीरातल्या बिघाडाचा असतो. लघवीतला किंवा फुप्फुसातला संसर्ग, घटलेले सोडियम, तुंबलेली लघवी, नवी गोळी. मूळ कारण सापडले तर तो बराचसा किंवा पूर्ण ओसरतो.

आत्महत्येची शंका आली तर सरळ विचारा: ‘जीव द्यावा असे मनात येते का? कसे करायचे ते ठरवले आहे का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल तर माणसाला एकटे सोडू नका, घरातली कीटकनाशके, गोळ्यांचा साठा, शस्त्रे हलवा आणि त्याच दिवशी मदत मिळवा. ‘असे वेड्यासारखे बोलू नकोस’ म्हटले की संवाद तिथेच संपतो.

पायरी २: एका पानाची हकिकत लिहा

तातडीचे काही नसेल तर भेटीआधी एक पान लिहून काढा. जुन्या रिपोर्टांची जाड फाईल त्याची जागा घेऊ शकत नाही.

सर्वांत वर वेग लिहा. क्षणात आलेले लक्षण बहुधा रक्तवाहिनीचे किंवा फिटचे असते. तासा-दिवसांत वाढलेले संसर्ग, दाह किंवा विषबाधा सुचवते. महिनोन्‌महिने हळूहळू वाढत गेलेले झिजेकडे किंवा वाढत्या गाठीकडे बोट दाखवते. ‘बरेच दिवसांपासून’ या उत्तरावर डॉक्टर काही बांधू शकत नाहीत. नक्की तारीख आठवत नसेल तर एखाद्या प्रसंगाला जोडा: मुलीच्या लग्नात जेवताना हात थरथरत होता का?

शुद्ध हरपण्याचे प्रसंग असतील तर पाहणाऱ्याची साक्ष सोन्यासारखी. साध्या घेरीत माणूस आधी पांढराफटक पडतो, घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. अर्ध्या मिनिटात शुद्ध येते आणि आपण कुठे आहोत हे त्याला लगेच कळते. घेरीतही हातपाय दोनचारदा झटकतात, त्यावरून फिट ठरवू नये. अपस्माराच्या मोठ्या फिटमध्ये अंग ताठ होऊन लयीत झटके येतात, चेहरा काळानिळा पडतो, जिभेची कड चावली जाते आणि नंतर पाच-दहा मिनिटे किंवा त्याहून जास्त वेळ माणूस भांबावलेला राहतो. डोळे उघडे होते की गच्च मिटलेले, हेही लिहा. अपस्मारात ते सहसा उघडे असतात. सर्वांत उत्तम म्हणजे मोबाइलवर चित्रण. एकाने रुग्णाजवळ थांबावे, दुसऱ्याने चेहरा आणि चारही हातपाय दिसतील असे चित्रण करावे. मधेच नावाने हाक मारावी, म्हणजे प्रतिसाद येतो का ते त्यात येते. थांबल्यानंतरची दोन मिनिटेही घ्यावीत. असा व्हिडिओ अनेकदा महागड्या चाचणीपेक्षा जास्त सांगतो.

डोकेदुखी असेल तर महिनाभर दोनच गोष्टींची नोंद करा: कोणत्या दिवशी दुखले आणि कोणत्या दिवशी गोळी घेतली. साधी वेदनाशामके महिन्यात १५ दिवस किंवा अधिक, किंवा ट्रिप्टान (अर्धशिशीवरच्या खास गोळ्या) आणि अनेक औषधे एकत्र असलेल्या मिश्र गोळ्या १० दिवस किंवा अधिक, असे तीन महिन्यांहून जास्त चालले असेल, तर गोळीच डोकेदुखीला कारण झालेली असू शकते. ही नोंद नसेल तर डॉक्टर आणखी एक वेदनाशामक लिहून देण्याची शक्यता मोठी.

मनःस्थितीच्या तक्रारीत उदासीबरोबर तिच्या उलट काळाचीही माहिती द्यावी लागते. चार दिवस किंवा जास्त काळ झोप कमी होऊनही थकवा नव्हता, बोलणे थांबत नव्हते, पैसा उधळला, एकदम मोठमोठे बेत आखले, असे पूर्वी कधी घडले का? रुग्ण हे आपणहून सांगत नाही, कारण त्याला तो आयुष्यातला सर्वांत चांगला काळ वाटतो. घरच्यांना मात्र तो लख्ख आठवतो. उदासी आणि उन्माद अशा दोन ध्रुवांचा हा आजार (बायपोलर) साधे नैराश्य समजून नुसते नैराश्यविरोधी औषध दिले, तर माणूस उन्मादाकडे झुकू शकतो. सबंध लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर मी हे निवडेन.

शेवटी औषधांची यादी. त्यात झोपेच्या, सर्दीच्या, पित्ताच्या, झाडपाल्याच्या गोळ्याही आल्या. स्टिरॉइडने उन्माद किंवा भ्रम होऊ शकतो. उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइड, चक्करेवरचे सिनॅरिझिन आणि अर्धशिशीवरचे फ्लुनॅरिझिन यांनी हुबेहूब पार्किन्सनसारखा कंप आणि ताठरपणा येतो. सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्यांनी वृद्ध गोंधळतात. मेटफॉर्मिन आणि आम्ल कमी करणारी औषधे वर्षानुवर्षे घेतल्यास बी-१२ घटू शकते, आणि त्यातून मुंग्या, तोल जाणे, विस्मरण असे काहीही उद्भवते. काही जणांचा आजार एक गोळी बंद केल्यावरच बरा होतो, हे ऐकायला विचित्र वाटते पण खरे आहे.

पायरी ३: कोणाकडे जायचे

सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासून करायला हरकत नाही. बधिरपणा, अशक्तपणा, फिट, कंप, तोल, विस्मरण असेल तर न्यूरॉलॉजिस्ट. उदासी, भीती, भ्रम, वेडे विचार, व्यसन असेल तर मानसोपचारतज्ज्ञ, जे औषधे देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि संवादोपचार करतात. दार चुकले तरी बिघडत नाही, चांगला डॉक्टर योग्य ठिकाणी पाठवतो.

मात्र मनाच्या लक्षणांमागे शरीराचा आजार दडलेला असण्याच्या काही खुणा आहेत. आयुष्यात पहिल्यांदाच चाळिशी-पन्नाशीनंतर भ्रम सुरू होणे, नसलेले आवाज ऐकू येण्यापेक्षा नसलेली दृश्ये जास्त दिसणे, शुद्ध कमीजास्त होणे, सोबत ताप, फिट किंवा तोंडाच्या विचित्र हालचाली असणे. तरुण माणसाचे, विशेषतः तरुण स्त्रीचे वागणे थोड्या आठवड्यांत पार पालटले आणि त्यात फिट किंवा अशा हालचाली आल्या, तर मेंदूवर हल्ला करणाऱ्या प्रतिपिंडांचा विचार करावा लागतो. मेंदूच्या पेशींवरच्या एनएमडीए रिसेप्टर या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांमुळे होणारा हा मेंदूदाह होसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली उलगडला. वेळेत ओळखला तर बहुतेक रुग्ण चांगले सुधारतात, आणि अंडाशयात गाठ असेल तर ती काढावी लागते.

पायरी ४: तपासणीच्या खोलीत

डॉक्टर चालायला लावतात, भुवया उंचवायला सांगतात, तळपायावर ओरखडा काढतात. यातले काहीच नावापुरते नसते. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली आणि त्या बाजूच्या कपाळावर आठ्या येत नसतील, तर बिघाड बहुधा चेहऱ्याच्या नसेत असतो. आठ्या येत असतील तर मेंदूत. नसेचा बिघाड बेल्स पाल्सी ठरला तर स्टिरॉइड पहिल्या ७२ तासांत सुरू केलेले बरे, म्हणून ‘आपोआप जाईल’ म्हणत आठवडा घालवू नये.

प्रश्नावल्या भरायला दिल्या तर खऱ्या भरा. नैराश्यासाठीची पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची, एकूण २७ गुणांची आहे. १० किंवा जास्त गुण आले तर सविस्तर तपासणी हवी, २० किंवा जास्त असतील तर तीव्र नैराश्य धरतात. पण गुण म्हणजे निदान नव्हे. थायरॉइड मंदावलेला माणूसही त्यात भरपूर गुण मिळवतो. तिचा मोठा उपयोग पुढे, उपचार लागू पडतो आहे का हे मोजायला. स्मरणशक्तीसाठी ‘मोका’ ही ३० गुणांची चाचणी वापरतात. २६ आणि त्यापुढे सर्वसाधारण मानतात. ज्याचे शिक्षण कमी झाले आहे, त्याचा आकडा घरच्यांनी एकट्याने वाचून घाबरून जाऊ नये.

एक विनंती सोबत्याला. हकिकत सांगून झाली की बाहेर जा. रुग्णाला डॉक्टरांशी एकट्याने बोलायला दहा मिनिटे मिळालीच पाहिजेत. व्यसन, लैंगिक तक्रार, घरातला छळ, मरणाचे विचार तुमच्या देखत निघणार नाहीत.

पायरी ५: चाचण्या

प्रत्येक चाचणीआधी एकच प्रश्न विचारा: उत्तर काहीही आले तरी उपचारात काय बदलेल? काहीच नाही, असे उत्तर आले तर ती चाचणी लांबवता येते.

सर्वांत कमी कौतुक होणाऱ्या चाचण्या सर्वांत कामाच्या असतात. रक्तातली साखर, सोडियम, कॅल्शियम, थायरॉइड, बी-१२, यकृत-मूत्रपिंडाची स्थिती, आणि कारण असेल तर एचआयव्ही व सिफिलिस. उपाय असलेली कारणे इथेच सापडतात.

ईईजीबद्दल, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखाबद्दल, गैरसमज फार. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतले विद्युत्तरंग पहिल्यांदा नोंदवले, तेव्हापासून अपस्मारात त्याला तोड नाही. पण वीस-तीस मिनिटांच्या नोंदीत दोष पकडला जाईलच असे नाही. अपस्मार असलेल्या पुष्कळ जणांचा पहिला ईईजी स्वच्छ येतो, म्हणून रात्रभर जागून किंवा झोपेत तो पुन्हा काढतात. उलट फिट कधीच न आलेल्या थोड्या लोकांतही तो दोष दाखवतो. ‘ईईजी नॉर्मल, म्हणजे नाटक’ हा निष्कर्ष क्रूर आणि चुकीचा आहे. ईईजीच्या रंगीत नकाशावरून नैराश्य ओळखून देण्याचा दावा कोणी केला, तर पैसे खिशातच राहू द्या.

एमआरआयचा त्रास वेगळा: तो फार जास्त दाखवतो. पन्नाशीच्या निम्म्याहून अधिक ठणठणीत लोकांच्या कण्यात फुगलेली चकती दिसते. रिपोर्टमधला शब्द आणि दुखण्याची जागा जुळते का, हे तपासणाऱ्या डॉक्टरनेच सांगायचे. ताज्या रक्तस्रावासाठी सीटी जलद आणि पुरेसा असतो. नसांच्या वेगाची एनसीव्ही चाचणी जाड तंतूंची असते. पाय जळजळत असताना ती नॉर्मल आली, तर बारीक तंतूंचा आजार शिल्लक राहतो.

पायरी ६: निदान समजून घेताना

पहिल्या भेटीतले निदान बहुधा कच्चे असते, आणि तसे सांगणारा डॉक्टर अनुभवी समजावा. तारीख घालून ते लिहून घ्या. काही निदानांना काळाची अट असते. नैराश्यासाठी किमान दोन आठवडे जवळजवळ रोज लक्षणे हवीत. अपस्मारासाठी साखर घसरणे, दारू सोडणे असे तात्कालिक कारण नसताना २४ तासांहून जास्त अंतराने आलेल्या दोन फिट, किंवा एक फिट आणि पुन्हा येण्याची मोठी शक्यता.

कार्यात्मक चेताविकार हे निदान ऐकले की घरचे दुखावतात किंवा संतापतात. पाय खरोखर उचलत नाही, झटके खरोखर येतात, पण मेंदूत जखम नाही. मेंदूचे आज्ञा देण्याचे काम बिघडले आहे. हे निदान ‘काहीच सापडले नाही’ म्हणून करायचे नसते, त्याच्या स्वतःच्या खुणा असतात. झोपवून अशक्त पाय खाली दाबायला सांगितला तर जोर लागत नाही, पण दुसरा पाय वर उचलायला सांगितला की तोच अशक्त पाय आपोआप खाली जोर लावतो. डॉक्टरांनी ही खूण रुग्णालाच दाखवली तर अर्धे काम होते, कारण ताकद शाबूत आहे हे त्याला डोळ्यांनी दिसते. पुढे त्यात तरबेज असलेल्या फिजिओथेरपिस्टचे व्यायाम आणि संवादोपचार. ‘सोंग’ हा शब्द घरातून हद्दपार करा.

पायरी ७: उपचार सुरू करताना

प्रत्येक औषधाबद्दल चार गोष्टी लिहून घ्या: गुण कधी दिसेल, आधी त्रास कोणता होईल, रक्त कधी तपासायचे, बंद कधी आणि कसे करायचे.

एसएसआरआय गटातल्या नैराश्याच्या गोळ्यांत त्रास आधी येतो, गुण नंतर. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि बेचैनी, गुण दोन ते चार आठवड्यांनी, पूर्ण अंदाज सहा-आठ आठवड्यांनी. दहाव्या दिवशी ‘लागू पडत नाही’ म्हणून सोडणारे म्हणूनच फसतात. तरुणांत सुरुवातीच्या आठवड्यांत मरणाचे विचार वाढत नाहीत ना, यावर लक्ष हवे. अल्प्राझोलाम, लोराझेपाम यांसारख्या गोळ्या तासाभरात शांत करतात, आणि तीच त्यांची अडचण. दोन ते चार आठवड्यांपलीकडे त्यांची सवय लागते. महिनोन्‌महिने घेणाऱ्याने त्या एकदम थांबवल्या तर फिट येऊ शकते.

लिथियम १९४९ पासून वापरात आहे आणि दोन ध्रुवांच्या आजारात आजही अव्वल आहे, पण त्याची मात्रा आणि विषमात्रा यांत अंतर थोडे. रक्तातली पातळी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी तपासतात, साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटरमध्ये ठेवतात. जुलाब-उलट्या, पाणी कमी पडणे किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके यांनी ती चढते. हात जोरात थरथरू लागले, चाल लडखडली, जीभ जड झाली, तर पुढची गोळी न घेता लगेच डॉक्टर गाठा. थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणीही नियमित लागते.

फिट आणि उन्मादावरचे व्हॅल्प्रोएट गर्भवतीने घेतले तर सुमारे दहापैकी एका बाळात जन्मजात दोष आढळतो, आणि बौद्धिक विकासावरही परिणाम होतो. म्हणून मूल होऊ शकणाऱ्या स्त्रीला ते देण्याआधी पर्याय विचारलेच पाहिजेत. दिवस गेल्यावर घाबरून एकदम बंद करणेही धोक्याचे, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. फिटवरचेच लॅमोट्रिजिन अगदी हळू वाढवतात. त्याच्या किंवा कार्बामाझेपिनच्या सुरुवातीच्या आठवड्यांत पुरळ उठले, तोंड आले, ताप आला तर वाट न बघता लगेच डॉक्टर गाठा. भ्रमावरच्या औषधांनी वजन आणि साखर वाढते, त्यामुळे पहिल्याच दिवशी वजन लिहून ठेवा. त्याच औषधांवर असताना तीव्र ताप आणि अंग लाकडासारखे ताठ झाले, तर थेट रुग्णालय. पार्किन्सनवरची लेव्होडोपा जेवणाआधी घ्यावी. प्रथिनांच्या जड जेवणासोबत तिचे शोषण मंदावते.

अपस्मारात सुमारे दोन तृतीयांश रुग्णांच्या फिट औषधांनी थांबतात. योग्य निवडलेली दोन औषधे पुऱ्या मात्रेत देऊनही थांबल्या नाहीत, तर तिसऱ्या-चौथ्या गोळीत वर्षे घालवण्यापेक्षा शस्त्रक्रियेचा विचार होणाऱ्या केंद्रात तपासणी करून घ्यावी.

गोळीशिवायच्या उपचारांना दुय्यम समजू नका. सौम्य ते मध्यम नैराश्यात आणि भीतीच्या आजारांत बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा संवादोपचार, औषधाच्या तोडीचा आहे. त्यात दर आठवड्याला घरचा अभ्यास असतो, नुसते मन मोकळे करणे नसते. मंत्रचळात (नको असलेले विचार आणि हात धुण्यासारख्या कृती पुन्हा पुन्हा होण्याचा आजार) ज्या गोष्टीची धास्ती तिला सामोरे जाऊन हात न धुता थांबायचा सराव करवतात. असे काहीच न करवता सत्रांमागून सत्रे नुसत्या गप्पांत चालली असतील, तर जाब विचारा. विजेच्या उपचाराची भीती जुन्या चित्रपटांमुळे आहे. आज तो भूल देऊन, स्नायू सैल करून, साधारण ६ ते १२ वेळा देतात. खाणेपिणे सोडलेल्या तीव्र नैराश्यात आणि कॅटॅटोनियात (माणूस निश्चल, अबोल होऊन थिजतो ती अवस्था) त्याच्याइतका जलद उपाय क्वचितच मिळतो. त्या काळातल्या काही आठवणी पुसट होतात, हेही आधी सांगितले गेले पाहिजे.

पायरी ८: बरे वाटू लागल्यावर

बहुतेक घोटाळे इथे होतात. पहिल्या नैराश्यात पूर्ण बरे वाटल्यावरही गोळी सहा ते नऊ महिने चालवायची असते. अपस्मारात किमान दोन वर्षे एकही फिट नसेल तर कमी करण्याची चर्चा सुरू होते. नैराश्याची गोळी सोडताना काही दिवसांतच चक्कर, डोक्यात विजेसारखे झटके, मळमळ आली तर ती गोळी सुटल्याची लक्षणे, म्हणजे वेग मंदावायचा. काही आठवड्यांनी हळूहळू जुनीच उदासी परतली तर तो आजार.

माणूस चांगला असताना त्याच्यासोबत बसून त्याच्या शब्दांत पूर्वसूचनांचा कागद करा. प्रत्येकाच्या सूचना वेगळ्या असतात. कोणाची झोप सलग दोन रात्री तीन तासांवर येते, कोणी फोन उचलणे सोडतो, कोणी रात्री कपाटे आवरू लागतो, कोणाला टीव्हीवरचा माणूस आपल्याबद्दल बोलतो असे वाटू लागते. प्रत्येक सूचनेपुढे काय करायचे ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या: कोणती गोळी किती वाढवायची, कोणाला फोन, कोणत्या टप्प्यावर बँकेचे कार्ड आणि गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्यायची, आणि तो स्वतः नकार देऊ लागला तर कोणाचे ऐकायला त्याची आधीच संमती आहे. त्या कागदावर त्याची सही घ्या आणि एक प्रत डॉक्टरांच्या फाईलमध्ये लावा.